‘निर्मिती घडवून आणणारी व्यक्ती’ म्हणजे नेमकी कोण? स्वामित्व हक्क कायद्याचा फेरविचार करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्वामित्व हक्क कायद्यांत दुरुस्ती सुचवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य आणि कायदेमंडळांचे सन्माननीय प्रतिनिधी यांस

विषय: कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या कृतींना कायद्याचे संरक्षण देण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

गेली २२ वर्षे मी अनुवादाचे काम करते. पूर्वी प्रकाशकाकडून मूळ पुस्तक यायचे. अलीकडे पुस्तकाबरोबर एक फाइलही येते आणि त्या फाइलमध्ये यंत्राने केलेला संपूर्ण मराठी अनुवाद असतो. “जवळजवळ तयारच आहे, एकदा नजर फिरवा,” असे सांगून ती पाठवली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कृतींना स्वामित्व हक्काचे (कॉपीराइटचे) संरक्षण द्यावे का, दिले तर कोणाला आणि किती वर्षे, या प्रश्नांवर आपण सध्या विचार करत आहात. तंत्रज्ञान कंपन्या, त्यांचे वकील आणि विद्यापीठांतले अभ्यासक आपापले म्हणणे आपल्यापुढे मांडतीलच. ज्यांच्या टेबलावर यंत्राचा खर्डा रोज येऊन पडतो, त्यांचे म्हणणेही आपल्या कागदपत्रांत असावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी माझ्याकडे आलेली एक कादंबरी २१४ पानांची होती. घरातली आई, तिचे दोन मुलगे, थोरली सून आणि वरच्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त शिक्षक, एवढीच पात्रे. यंत्राचा खर्डा वरवर पाहता स्वच्छ होता. शुद्धलेखन नीट, वाक्ये पुरी, परिच्छेद जागच्या जागी. पहिल्याच पानावर धाकटा मुलगा विचारतो, “आई, तुम्ही जेवलात का?” तिसऱ्या पानावर तोच मुलगा आईला ‘तू’ म्हणतो आणि नवव्या पानावर आई त्याला “आपण कधी परत येणार आहात?” असे विचारते. मूळ भाषेत या सगळ्यांसाठी एकच सर्वनाम आहे, त्यामुळे यंत्राला फार दोष द्यावा असेही नाही. पण मराठीत कोण कोणाला ‘तू’ म्हणते, कोण ‘अहो’ म्हणते आणि ही हाक कधी बदलते, यावर घरातली नाती उभी असतात. सुनेने पहिली दहा प्रकरणे सासूला ‘तुम्ही’ म्हणावे आणि अकराव्या प्रकरणातल्या भांडणानंतर, दोघी स्वयंपाकघरात एकट्या असताना, तिच्या तोंडून पहिल्यांदा ‘तू’ निघून जावे, हे मी ठरवले. मूळ पुस्तकात हा क्षण शब्दांतून दिसत नाही, कारण त्या भाषेला तो दाखवण्याची सोयच नाही. तो तिथे आहे हे ओळखून मराठीत आणावा लागला. निर्णय एकदा झाल्यावर पुढच्या प्रत्येक संवादातले क्रियापद बदलले, क्रियापद बदलले की वाक्याचा तोल बदलला आणि तोल सावरताना आजूबाजूची वर्णनेही हलली. सरतेशेवटी “दार उघडे होते”, “पाऊस थांबला” अशा वाक्यांखेरीज यंत्राचे फारसे काही उरले नाही.

करारात मात्र या कामाला ‘मुद्रितशोधन’ असे नाव होते आणि मानधनही त्याच दराने ठरले होते. पुस्तक छापून आले तेव्हा श्रेयाच्या पानावर ‘अनुवाद: संपादन विभाग’ असे होते आणि अनुवादाचा हक्क प्रकाशकाच्या नावे होता. मी विचारणा केली, तेव्हा मिळालेले उत्तर अजून कानात आहे. अनुवाद आमच्या खात्यावरून झाला, तो आम्ही घडवून आणला, तुम्ही तो सुधारलात. त्या प्रकाशकाबद्दल मला इथे काही मागायचे नाही. करारावर सही माझीच होती. मला बोलायचे आहे ते ‘घडवून आणला’ या शब्दांबद्दल, कारण बोलणाऱ्याला बहुधा ठाऊक नसले तरी हे शब्द कायद्यात जसेच्या तसे बसतात.

भारताच्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने लेखकाच्या व्याख्येत एक पोटकलम आले. संगणकाद्वारे निर्माण झालेल्या वाङ्मयीन, नाट्य, संगीत वा कलाकृतीच्या बाबतीत, त्या कृतीची निर्मिती घडवून आणणारी व्यक्ती म्हणजे लेखक, असे ते सांगते. त्याआधी ब्रिटनने १९८८ च्या कायद्यात असेच कलम घातले होते. तिथे शब्द थोडे वेगळे आहेत: निर्मितीसाठी आवश्यक ती व्यवस्था करणारी व्यक्ती लेखक मानावी. ब्रिटिश कायद्याने निदान ‘संगणकनिर्मित’ म्हणजे काय ते सांगितले, की ज्या परिस्थितीत कृतीला मानवी लेखकच नाही अशी कृती. आणि अशा कृतीसाठी मुदतही वेगळी ठेवली, निर्मितीच्या वर्षअखेरीपासून ५० वर्षे. भारतीय कायद्यात व्याख्याही नाही आणि वेगळी मुदतही नाही. म्हणजे सर्वसाधारण नियम लावायचा झाला तर लेखकाचे आयुष्य अधिक ६० वर्षे. वीस वर्षांच्या एखाद्या तरुणाने आज एक ओळ टाइप करून चित्र काढून घेतले आणि तो ८० वर्षे जगला, तर ते चित्र १२० वर्षे इतरांसाठी बंद राहील. कलमाचा असाही अर्थ निघू शकतो, हे मसुदा करणाऱ्यांच्या तेव्हा स्वप्नातही नसावे.

त्यांच्या डोळ्यांपुढे काय होते याचा थोडा अंदाज १९८५ च्या एका इंग्लिश खटल्यावरून येतो. एका वृत्तपत्रसमूहाने वाचकांसाठी बक्षीस योजना काढली होती आणि तिच्यासाठी अक्षरांचे छोटे चौकोन संगणकाकडून तयार करून घेतले होते. दुसऱ्या वृत्तपत्राने ते छापले आणि बचाव असा केला की हे चौकोन संगणकाने केले, त्यांना लेखक नाही, म्हणून त्यांवर हक्कही नाही. न्यायाधीशांनी तो फेटाळला. संगणक हे साधन आहे, जसे लेखणी हे साधन आहे, आणि हातात लेखणी होती म्हणून लेखणीला कोणी लेखक म्हणत नाही, असा त्यांचा आशय होता. त्या चौकोनांपुरते ते बरोबरच होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नियम आखले होते आणि संगणकाने ते इमानेइतबारे पाळले होते. पण लेखणी उचलून कागदावर ठेवली की तिच्यातून आपण न योजलेले पूर्ण प्रकरण उतरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या खर्ड्यात नेमके तेच झालेले असते.

‘व्यवस्था करणारी व्यक्ती’ कोण, या प्रश्नाला ब्रिटनमधल्या न्यायालयाने २००६ मध्ये एकदा उत्तर दिले आहे. नाणे टाकून खेळायच्या बिलियर्ड्ससारख्या एका व्हिडिओ खेळात पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांचा लेखक कोण, असा वाद होता. खेळणारा तिथे लेखक ठरला नाही, प्रोग्रॅम तयार करणारा ठरला, कारण खेळणाऱ्याने चेंडू मारला तरी चित्र कसे दिसावे यात त्याचे कलात्मक योगदान काही नव्हते. हाच नियम आजच्या भाषा-प्रारूपांना, म्हणजे मजकूर तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना, लावून पाहावा. प्रारूप घडवणारी कंपनी, ते आपल्या नावाने विकणारी दुसरी सेवा, वर्गणी भरणारा प्रकाशक, प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची लेखी सूचना, टाइप करणारा त्याचा कर्मचारी आणि त्यानंतर महिनाभर त्यावर बसणारा अनुवादक, या पाच जणांपैकी ‘व्यवस्था’ कोणी केली? त्यातल्या त्यात बरी बाब ही की अनेक सेवांच्या अटींमध्ये, आउटपुटवर, म्हणजे यंत्राने तयार करून दिलेल्या मजकुरावर वा चित्रावर, आमचा काही हक्क असलाच तर तो तुम्हाला दिला, असे लिहिलेले असते आणि इतर वापरकर्त्यांनाही तसेच आउटपुट मिळू शकते, हेही तिथेच नमूद असते. ज्या वस्तूची तीच प्रत आणखी दहा जणांच्या हाती पडू शकते, असे विकणारा स्वतःच सांगतो, तिच्यावर मक्तेदारी मागणे मला तरी विचित्र वाटते.

यंत्रालाच लेखक मानावे का, या प्रश्नावर मी आपला वेळ घेणार नाही. अमेरिकेत संगणकतज्ज्ञ स्टीफन थेलर यांनी आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला एका चित्राचा एकमेव लेखक म्हणून नोंदवण्याचा प्रयत्न केला. ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने मानवी लेखकाशिवाय स्वामित्व हक्क नाही, असे सांगून तो नाकारला. भारतात २०२० मध्ये एका चित्राच्या नोंदणीत प्रणालीचे नाव सहलेखक म्हणून लागले खरे, पण नंतर नोंदणी कार्यालयाने ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. ज्याला मानहानी होत नाही, वारस नाहीत आणि मोबदला मिळाला नाही म्हणून जो उद्या लिहायचे थांबणार नाही, त्याला हक्क देऊन काय साधणार, हे कोणालाच सांगता आलेले नाही.

खरा प्रश्न मधल्या पट्ट्यात आहे, जिथे माणूस सूचना देतो आणि कृती यंत्र करते. तिथे माझे मत ठाम असले तरी दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला पोकळ वाटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने एका वापरकर्त्याला त्याने ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे चित्र काढणारे यंत्र वापरून केलेल्या चित्राचा लेखक मानले. एका महिलेने ते चित्र आपल्या कवितेसोबत प्रसिद्ध केले होते आणि त्यावरची त्या वापरकर्त्याची खूण काढून टाकली होती. न्यायालयाने तिला माफी मागायला आणि ५०० युआन भरपाई द्यायला सांगितले. वापरकर्त्याने प्रॉम्प्ट निवडले, त्यांचा क्रम लावला, यंत्राच्या सेटिंग्ज बदलत गेला, नको ते गाळत गेला आणि या सगळ्यातून त्याची अभिरुची दिसते, असा निकालाचा रोख होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या स्वामित्व हक्क कार्यालयाने जेसन ॲलन यांच्या चित्राची नोंदणी नाकारली. ते चित्र आदल्या वर्षी कोलोरॅडोच्या राज्य जत्रेतील कलास्पर्धेत पहिले आले होते आणि ते मिळवण्यासाठी आपण किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलले, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राने केलेला भाग अर्जातून वगळावा, अशी कार्यालयाची अट होती आणि ॲलन यांनी त्याला नकार दिला.

६२४ वेळा हा आकडा वाचून प्रथम वाटते की एवढी चिकाटी वाया जाऊ नये. मग मला मुखपृष्ठाच्या बैठका आठवतात. प्रकाशक चित्रकाराला सांगतो: आकाश गडद निळे हवे, झाड एकच, उदास वाटले पाहिजे पण फार नको. चित्रकार कच्ची चित्रे आणतो, प्रकाशक नाकारतो. झाड डावीकडे घ्या म्हणतो, मग परत उजवीकडे घ्या म्हणतो. अशा वीस फेऱ्या मी बसून पाहिल्या आहेत. विसाव्या फेरीनंतरही त्या चित्राखाली सही चित्रकाराचीच होते आणि प्रकाशकाला त्यात काही वावगे वाटत नाही. सूचना देणे, नाकारणे आणि निवडणे ही बुद्धीची कामे आहेत, कष्टाचीही आहेत. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात सांगितले तसे, कष्टाला स्वामित्व हक्क मिळत नाही, अभिव्यक्तीला मिळतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही न्यायनिर्णयांच्या संपादित आवृत्तीबाबतच्या खटल्यात नुसत्या श्रमाची कसोटी बाजूला ठेवली आणि थोडी तरी सर्जकता हवी असे म्हटले.

यावर छायाचित्राचा दाखला हमखास दिला जातो. १८८४ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांच्या छायाचित्रावरून अमेरिकेत खटला झाला, तेव्हा कॅमेरा समोरचे दृश्य यांत्रिकपणे टिपतो, मग त्यात लेखक कुठला, हाच आक्षेप होता. न्यायालयाने तो मानला नाही, कारण बसण्याची ढब, पोशाख, पडदे आणि प्रकाश हे सगळे छायाचित्रकाराने योजले होते. दाखला चांगला आहे आणि तो माझ्याच बाजूने बोलतो. पडदा सरकवला की काचेवरचे चित्र तेवढेच आणि तसेच बदलते, हे छायाचित्रकाराला आधी माहीत असते. चित्र काढणारे यंत्र सुरुवात करते ती यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळापासून. तेच शब्द दुसऱ्यांदा दिले तर दुसरेच चित्र येते. ठिपक्यांचा तो गोंधळ ज्या क्रमांकावरून तयार होतो तो सुरुवातीचा क्रमांक कायम ठेवला तर तेच चित्र पुन्हा मिळते, हे खरे आहे. पण पडलेले फासे लिहून ठेवता आले म्हणजे ते आपण पाडले असे होत नाही.

याउलट, माणसाचा हात जिथे स्पष्ट दिसतो तिथे तो नाकारण्याचेही कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या त्याच स्वामित्व हक्क कार्यालयाने एका चित्राची नोंद केली; त्यात यंत्राकडून मिळालेल्या तुकड्यांतला एकेक भाग निवडून, तेवढ्यापुरते चित्र बदलून, सुमारे ३५ टप्प्यांत रचना केली होती. संरक्षण मिळाले ते निवडीला आणि मांडणीला, तुकड्यांना नाही. त्याआधी २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबतही, शब्द आणि रचना लेखिकेची, चित्रे मात्र संरक्षणाबाहेर, असा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५ च्या अहवालात या कार्यालयाने हे तत्त्व मांडले की सध्याच्या साधनांच्या बाबतीत नुसते प्रॉम्प्ट पुरेसे नाहीत, पण आउटपुटमध्ये माणसाची अभिव्यक्ती ओळखू येत असेल तर तेवढ्या भागाला संरक्षण आहे. कामाच्या टेबलावरून पाहता मला हे वाजवी वाटते. माझ्या २१४ पानांना हा नियम लावला, तर “पाऊस थांबला” कोणाचेही असो, सुनेच्या तोंडचे ते ‘तू’ माझे आहे.

आता मी या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येते. यंत्राच्या खर्ड्याला हक्क न देण्याने कलावंतांचे काय भले होणार, असे मला विचारले जाते. उत्तर करारात आहे. ‘निर्मिती घडवून आणणारा’ हा लेखक असेल, तर माझ्या हाती फाइल येण्याआधीच प्रकाशकाकडे पूर्ण हक्क असतो. मी त्यात जे घालते त्याने त्याच्या मालकीत काही भर पडत नाही, म्हणून त्याची किंमत मुद्रितशोधनाइतकीच राहते आणि माझे नाव छापण्याची गरज कोणालाच भासत नाही. खर्ड्याला मुळी हक्कच नसेल, तर चित्र उलटते. ज्या जुन्या पुस्तकाच्या मूळ हक्काची मुदत संपली आहे, त्याचा यंत्राने केलेला अनुवाद कोणीही उचलून छापू शकेल. प्रकाशकाला आपली आवृत्ती राखायची असेल तर त्याला माणसाच्या कामाची गरज लागेल, ते काम कोणी केले हे लिहून ठेवावे लागेल आणि त्या माणसाकडून हक्क रीतसर लिहून घ्यावा लागेल. मूळ पुस्तक हक्काखाली असेल तिथे मूळ लेखकाचे संरक्षण आहेच, पण अनुवादाच्या थराबाबत तिथेही हीच गोष्ट लागू होते. हक्क ज्याच्याकडून घ्यावा लागतो, त्याच्याशी दराची बोलणी करावी लागतात. यंत्राच्या खर्ड्याला मोकळे ठेवण्यात माझा स्वार्थ आहे, आणि तो मी लपवत नाही.

काही जण मधला मार्ग सुचवतात की पूर्ण स्वामित्व हक्क नको, पण कमी मुदतीचा एक वेगळा हक्क द्यावा. युक्रेनने हे केलेही आहे; तिथे १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यात संगणक प्रोग्रॅमने निर्माण केलेल्या अमौलिक वस्तूंसाठी २५ वर्षांचा खास हक्क आहे. या मार्गाबद्दल मला युरोपचा अनुभव आठवतो. युरोपीय संघाने १९९६ मध्ये डेटाबेससाठी १५ वर्षांचा असाच खास हक्क निर्माण केला, अपेक्षा अशी की त्यामुळे डेटाबेसचा उद्योग वाढेल. २००५ मध्ये युरोपीय आयोगाने स्वतःच मूल्यमापन केले आणि या हक्काचा डेटाबेसच्या निर्मितीवर परिणाम झाल्याचे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. हक्क मात्र आजही कायम आहे. एकदा दिलेली मक्तेदारी परत घेणे कोणत्याही कायदेमंडळाला जड जाते, कारण तोवर तिच्यावर जगणारे लोक तयार झालेले असतात.

आणि इथे तर उत्तेजनाची गरजच दिसत नाही. १७१० च्या इंग्लिश कायद्याने, ज्याला या सगळ्या परंपरेचा आरंभ मानतात, आपला हेतू नावातच सांगितला होता, तो विद्येला उत्तेजन देण्याचा. पुस्तक लिहायला वर्षे लागतात आणि नक्कल करायला दिवस, या तफावतीतून तो हक्क जन्मला. यंत्राच्या बाबतीत निर्मितीला आणि नकलेला जवळपास सारखाच वेळ लागतो. प्रणाली तयार करणाऱ्यांना मोठी गुंतवणूक करावी लागते हे मला मान्य आहे. पण त्यांच्या सॉफ्टवेअरला हक्क आहे, पेटंटे आणि व्यापारी गुपिते आहेत, वर्गणी तर आहेच.

संख्येचा धोका मला त्याहून मोठा वाटतो. अमेरिकेतले वकील-संगीतकार डेमियन रील आणि प्रोग्रॅमर नोआ रुबिन या दोघांनी आठ सुरांच्या आणि बारा मात्रांच्या सर्व शक्य चाली संगणकाकडून तयार करून घेतल्या. ८ चा १२ वा घात, म्हणजे ६८ अब्जांहून अधिक. त्यांनी त्या सगळ्यांसाठी मोकळ्या केल्या, कारण संगीतातल्या चोरीच्या खटल्यांचा फोलपणा दाखवणे हाच त्यांचा हेतू होता. त्यांना चांगली बुद्धी झाली. पण यंत्राच्या प्रत्येक आउटपुटला हक्क मिळाला, तर असाच साठा करून कोणीतरी तो तिजोरीत ठेवील आणि प्रत्येक नव्या गाण्याची, चित्राची, वाक्याची वाट पाहत बसेल. स्वतंत्रपणे सुचलेल्या कृतीला कायदा गुन्हा मानत नाही, हे खरे. पण स्वतंत्रपणे सुचले हे न्यायालयात सिद्ध करण्याचा खर्च एकट्या कलावंताला परवडत नाही आणि नोटीस पाठवणाऱ्याला ते पक्के माहीत असते.

आता पुराव्याबद्दल. यंत्राचा भाग वगळायचा ठरला की तो कोणता, हे कोण सांगणार? अमेरिकी कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये नोंदणीच्या अर्जात यंत्राचा नगण्य नसलेला भाग उघड करण्याचे बंधन घातले. नोंदणीच्या वेळी अशी माहिती मागावी, असे मलाही वाटते. पण माहिती दिली नाही म्हणून हक्कच नाही, असा नियम करू नये. बर्न करार या स्वामित्व हक्कांबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हक्काचा उपभोग कोणत्याही औपचारिकतेवर अवलंबून ठेवता येत नाही, आणि तो नियम गरीब लेखकाच्या सोयीचा आहे. त्याच करारात ज्याचे नाव कृतीवर आहे तो लेखक, असे गृहीतकही आहे, तेही राहावे. खटला उभा राहिला आणि प्रतिवादीने सबळ शंका घेतली, तर मात्र दावा करणाऱ्याने आपला हात कुठे फिरला ते दाखवावे. माझ्यासारख्यांना ते कठीण नाही, बदलांची नोंद ठेवणारी फाइल आम्ही रोज वापरतो.

इथे एक विनंती विशेष आग्रहाने करते. यंत्राचा मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर पुरावा म्हणून स्वीकारू नये. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय या कंपनीने स्वतःचेच असे एक साधन अचूकता कमी पडते म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. जो साधे, नीटस, व्याकरणशुद्ध लिहितो त्याच्यावरच अशा साधनांचे बोट जाते. एका तरुण अनुवादकाचा पूर्णपणे हाताने केलेला मजकूर केवळ अशा तपासणीत ‘यंत्राचा’ निघाला म्हणून परत आलेला मी पाहिला आहे. त्याने मला वहीची पाने दाखवली. खोडलेल्या ओळी, समासात तीन पर्यायी शब्द, त्यांतल्या एकाभोवती वर्तुळ. ती वही कोणी मागितलीच नव्हती. लेखक आहे हे सिद्ध करण्याचा भार प्रत्येक लिहित्या माणसावर पडणार असेल, तर यंत्रापासून माणसाला वाचवण्याच्या नावाखाली आपण त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू.

प्रारूपांना शिकवण्यासाठी आमची पुस्तके विनापरवाना वापरली गेली का आणि त्याचा मोबदला काय, हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर न्यायालयांत भांडणे चालू आहेत आणि तो या पत्रात कोंबण्याचा माझा इरादा नाही. एवढेच नोंदवते की आमच्या अनुवादांवर शिकलेल्या यंत्राच्या खर्ड्याला हक्क देऊन, तोच खर्डा दुरुस्तीसाठी आमच्याकडे पाठवण्याची वेळ येऊ नये.

म्हणून माझे मागणे हे आहे. जिथे ‘घडवून आणणारी’ किंवा ‘व्यवस्था करणारी’ व्यक्ती लेखक मानली आहे, तिथे ते कलम रद्द करावे. ते शक्य नसेल तर त्याच्या खाली असे स्पष्टीकरण घालावे की नुसती सूचना देणे, साधन पुरवणे किंवा वर्गणी भरणे म्हणजे निर्मिती घडवून आणणे नव्हे. यंत्राच्या खर्ड्यावर काम करणाऱ्याच्या अभिव्यक्तीला, कराराने त्या कामाला कोणतेही नाव दिलेले असले तरी, स्वतंत्र संरक्षण असल्याचे कायद्यात शब्दांत यावे, आणि अशा व्यक्तीचा श्रेयाचा हक्क करारातल्या एका ओळीने काढून घेता येऊ नये. नवा खास हक्क निर्माण करू नये. केलाच, तर त्याला ठरावीक वर्षांनी आपोआप संपण्याची अट असावी आणि तो चालू ठेवण्याची गरज सिद्ध करण्याची जबाबदारी तो मागणाऱ्यावर असावी.

त्या कादंबरीची फाइल माझ्याकडे आहे. यंत्राचा खर्डा काळ्या अक्षरांत, माझे बदल लाल अक्षरांत, २१४ पाने. पुस्तकाचे आणि प्रकाशकाचे नाव झाकून, मूळ हक्कधारकाच्या परवानगीने, तिच्यातली काही पाने समितीपुढे ठेवण्याची माझी तयारी आहे. अकराव्या प्रकरणातले स्वयंपाकघराचे पान त्यात असेल. ‘घडवून आणणे’ या शब्दांचा अर्थ ठरवताना ते पान एकदा आपल्यासमोर असावे, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक अनुवादिका